सोडल्याची तारीख

त्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मटकीची उसळ होती. पुढे कितीतरी दिवस ताटात मटकी दिसली की माझं डोकं फिरायचं, म्हणून हे पक्कं लक्षात आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परत कामावर येऊन मला काही महिने झाले होते. शेजारी बसलेली मैत्रीण मोबाईलवर आपल्या पीएफचं पासबुक बघत होती. तिला घराच्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम काढायची होती. तिचं बघून मीही माझं उघडलं. काही कारण नव्हतं, जेवण आटोपलं होतं आणि भोंगा व्हायला अजून वेळ होता.

पासबुकात तीन रकाने असतात. एक आपल्या पगारातून कापलेल्या रकमेचा, एक कंपनीने भरलेल्या रकमेचा आणि तिसरा पेन्शनचा. माझ्या तिसऱ्या रकान्यात, रजेवरून परत आल्यापासून दर महिन्याला, शून्य होतं. मला वाटलं नेट गंडलंय. बंद करून परत उघडलं, तरी शून्यच. मग नीट बघितलं तर माझ्या नावाखाली एकाऐवजी दोन नोंदी. जुन्या नोंदीपुढे कंपनी सोडल्याची तारीख होती आणि नव्या नोंदीपुढे रुजू झाल्याची. म्हणजे सरकारदरबारी मी नोकरी सोडून गेले होते आणि नंतर कुणी दुसरीच बाई माझ्या जागी कामाला लागली होती.

"मी कधी सोडली नोकरी?" मी ओरडलेच. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. मैत्रीण म्हणाली, "अगं हळू." पण हळू बोलणं मला जमत नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

आमच्या घरात पेन्शन या शब्दाला काय वजन आहे ते सांगितल्याशिवाय हा राग कळायचा नाही. माझे वडील रेल्वेत होते, खंडाळ्याच्या घाटात रुळांच्या देखभालीवर. मी शाळेत असतानाच ते गेले. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. जमलेली भावकी आमच्या देखत चर्चा करत होती, की आता हिला आणि पोरीला कुणी सांभाळायचं. एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, दुसरा तिसऱ्याकडे. आई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. मग काही महिन्यांनी तिची पेन्शन सुरू झाली आणि ती चर्चा आपोआप बंद पडली. आईने खंडाळ्यातच दोन खोल्या घेतल्या. महिन्याच्या सुरुवातीला ती ठेवणीतली साडी नेसून लोणावळ्याच्या बँकेत जायची, येताना माझ्यासाठी वह्या आणि चिक्की आणायची. पुढे तर मामा आला की जाताना त्याच्याच हातात ती काहीतरी कोंबायची. म्हातारपणी बाईची मान ताठ राहायची असेल तर दर महिन्याला तिच्या नावाने काहीतरी आलं पाहिजे, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून नवलाख उंबरे गावातल्या या कारखान्यात लागले तेव्हा मी पगाराच्या आधी पेन्शनचं विचारलं होतं. सगळे हसले होते. एवढीशी पोरगी आणि पेन्शन विचारते! नियम साधा होता. दहा वर्षं पेन्शनचा हप्ता भरला गेला की पुढे जन्मभराची पेन्शन पक्की. दहा भरली नाहीत तर जे साठलं ते एकदाच उचलायचं आणि गप्प बसायचं. रजेवर गेले तेव्हा मला दहाला थोडीच वर्षं, खरं तर दीड-दोनच, कमी होती. आता जुनी वर्षं एका मेलेल्या नोंदीत अडकली होती आणि नव्या नोंदीत पेन्शनच नव्हती.

जेवणाची सुटी संपायच्या आत मी टाइम ऑफिस गाठलं. हजेरी, रजा, पीएफ हे सगळं तिथले भाऊ बघायचे. नवलाख उंबऱ्याचेच राहणारे, पन्नाशीचे, गळ्यात दोरीला चष्मा. कारखान्यातल्या सगळ्यांचे ते भाऊ होते.

"भाऊ, माझी सोडल्याची तारीख कुणी टाकली?"

त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. "सिस्टिमनं घेतली आसंल."

"सिस्टिमला माझं बाळंतपण कुणी सांगितलं?"

"ताई, आवाज खाली. बघतो मी."

ते काही बघणार नव्हते, हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. खरी गोष्ट मला लाइनवरच्या एका जुन्या बाईने सांगितली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. कारखान्यातल्या पोरी बाळंतपणाला म्हणून माहेरी जायच्या, कुणी जुन्नरला, कुणी पार बीडला, आणि परत यायच्याच नाहीत. बाळ कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असायचा, आणि सासरचेही म्हणायचे, पुरे झालं आता. मग बारशाला, दवाखान्याला पीएफ काढायची घाई. पण कंपनीने सोडल्याची तारीख टाकल्याशिवाय पीएफ निघत नाही. त्या तारखेसाठी तान्हं बाळ घेऊन ओल्या बाळंतिणी एसटीने हेलपाटे घालायच्या. भाऊंना ते बघवेना. म्हणून ते आपणहूनच फोन करून विचारायचे आणि तारीख टाकून मोकळे व्हायचे. पोरी त्यांना दुवा द्यायच्या. मला मात्र त्यांचा फोन कधी आला नव्हता. माझ्या रजेतले पैसे कामगार विम्याकडून थेट खात्यात येत होते, त्यामुळे कंपनीच्या कागदावर मी संपलेय हे मला कळायचं काही कारणच नव्हतं. मी परत आले तेव्हा जुनी नोंद बंद. पगार तर काढायचा, म्हणून भाऊंनी मला नवीन म्हणून घेतलं. आणि माझ्यासारखी पंधरा हजारांच्या वर पगाराची बाई नवीन म्हणून लागली की तिला पेन्शन नाही, हा सरकारचा नियम.

दुसऱ्या दिवशी मी परत खिडकीशी उभी राहिले. या वेळी भाऊंनी नाकारलं नाही. एवढंच म्हणाले, "इतक्या वर्षात परत आलेली तुमीच पयली, ताई."

जणू परत येऊन मीच घोळ घातला होता.

एचआरच्या मॅडम पुण्याहून येणाऱ्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली. "हे बघा, मी तुम्हाला स्पष्ट सांगते. पुढच्या महिनाअखेरीस हा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे जातोय. जुन्या कंपनीचं लॉगिन बंद झालं की तुमच्या जुन्या नोंदीवर मंजुरी द्यायला कुणी राहणार नाही. त्याआधी दुरुस्ती झाली तर झाली."

"मग करा ना दुरुस्ती."

"तुमच्या फाइलमध्ये राजीनामा नाही, पण तारीख आहे. ती कुणाच्या सांगण्यावरून टाकली हे टाइम ऑफिसने लेखी दिलं पाहिजे. चूक झाली असं नुसतं म्हणून पीएफवाले ऐकत नाहीत." मग त्यांनी आवाज मऊ केला. "नाहीतर जुनी रक्कम काढून घ्या. बाळासाठी उपयोगी पडेल. एवढा जीव कशाला जाळताय?"

मी उठून आले. जीव जळत होता तो माझा होता, तो कुठे जाळायचा हे मी ठरवणार होते.

भाऊ काही लिहून देईनात. नवी कंपनी कुणाला ठेवणार आणि कुणाला नारळ देणार याच्या याद्या तेव्हा चालू होत्या. आपल्या हाताने आपली चूक लिहून दिली की आपलं नाव कुठल्या यादीत जाईल, हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्यांच्या घरी दोन मुली कॉलेजात होत्या. पण मी तरी काय करू? मी रोज खिडकीशी जायचे, ते रोज उद्या म्हणायचे. एक दिवस रजा टाकून पुण्याला पीएफच्या ऑफिसातही जाऊन आले. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, तारीख कंपनीने टाकली, कंपनीनेच काढायची. मी तिथेही आवाज चढवला. त्याने मान वर केली, पण उत्तर तेच दिलं.

घरी तर मी फटाक्यांची लड झाले होते. कान्हे फाट्याजवळ आमच्या दोन खोल्या. नवरा लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. बाळाला सांभाळायला आई खंडाळ्याहून आमच्याकडे येऊन राहिली होती. कंपनीची बस मला फाट्यावर सोडायची, आणि चपला काढता काढता माझं सुरू व्हायचं. माझी पेन्शन खाल्ली यांनी. मला माझी पेन्शन पाहिजे. मी पेन्शन घेतल्याशिवाय राहणार नाही. ज्याने कुणी ती तारीख टाकायला लावली त्याचं कधी बरं होणार नाही.

"आज कुणाची पाळी?" नवरा विचारायचा. कधी म्हणायचा, "काढून टाक ना ते पैसे. मालकाची गाडी चालवण्यापेक्षा स्वतःची होईल. तुझंही डोकं शांत." तो थट्टेत बोलायचा की मनापासून, मला कळायचं नाही. त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात मात्र रुतून बसलं.

मी पेन्शनचं काढलं की आई उठून बाळाचं काहीतरी करायला लागायची. लंगोट घडी कर, बाटली उकळत ठेव. एकदा मी बोलत असताना तिने बाळाला उचललं आणि सरळ बाहेर जाऊन उभी राहिली. मला वाटलं माझ्या आरडाओरड्याने बाळ दचकतंय. मी आणखीच चिडले, की माझ्या घरात मला बोलायचीही चोरी.

तो पुढचा महिनाही सरत आला. कारखान्यात नव्या कंपनीची माणसं फिरायला लागली, भिंतीवरच्या पाट्या उतरायला लागल्या. एका दुपारी पाळी सुटल्यावर मी भाऊंना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तिथे खिडकी नव्हती, मध्ये काच नव्हती.

"भाऊ, चार दिवस राहिलेत. तुम्ही लिहून दिलं नाही तर माझी सगळी वर्षं गेली. काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

ते चटकन माझ्याकडे वळले. चहा बशीत सांडला. "मी कुणाचं वाईट न्हाई केलं, ताई. मी इचारल्याबिगर आजवर एकीची तारीख टाकली न्हाई."

"मला कधी विचारलंत?"

"फोन केलता. तुमच्याच नंबरवर."

"आणि मी हो म्हणाले?"

"तुमी न्हाई. तुमच्या घरचं बोलले. म्हनले, टाका."

"घरचं म्हणजे कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला. "घरचं म्हंजी घरचं. इतके दिस मी त्येच गिळून बसलोय. लिवून द्यायचं तर त्ये बी लिवावं लागंल. मला तुमच्या घरात आग लावायची न्हाई."

बसमध्ये मला एकच वाक्य ऐकू येत होतं, काढून टाक ना ते पैसे. गाडी हवी होती त्याला. मी माहेरी आडवी पडलेली असताना याने परस्पर माझ्या नोकरीचा निकाल लावला, आणि इतके दिवस माझ्यासमोर बसून आज कुणाची पाळी म्हणून हसला. फाट्यावरून घरापर्यंतचा रस्ता मी कसा चालले मला आठवत नाही.

तो त्या दिवशी लवकर घरी आला होता. बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. आईने आतून येऊन बाळाला उचलून नेलं, बहुतेक माझा चेहरा बघूनच.

"टाका म्हणालास तू?" मी दारातूनच विचारलं. "टाइम ऑफिसचा फोन आला तेव्हा टाका म्हणालास? माझी नोकरी म्हणजे काय तुझ्या गाडीचा हप्ता वाटली तुला?"

"कसला फोन?"

"माझ्या मोबाईलवर आलेला. मी बाळंतीण असताना. खोटं बोलू नकोस."

तो उठून उभा राहिला. तो सहसा चिडत नाही, पण तेव्हा त्याचा आवाज चढला होता. "तुझ्या मोबाईलवर? अगं, तू खंडाळ्याला होतीस आणि मी इथे. तुझा फोन तुझ्या उशाशी असेल. मी कसा उचलणार?"

उशाशी. माझ्या उशाशी फोन नव्हता.

सव्वा महिना मी आईच्या मागच्या खोलीत होते. कानात कापूस, डोक्याला घट्ट फडकं, बाजेखाली शेगडी, खायला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. आईने पहिल्याच दिवशी माझा मोबाईल काढून घेतला होता. त्येच्यात बगून डोळं जात्यात, ओल्या बाळंतिणीनं फोनवर बोललं की डोस्कं भणभणतं, असं म्हणून. तो स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर असायचा. बुद्धविहारातल्या बायकांचे, मैत्रिणींचे फोन आले की आईच घ्यायची आणि सांगायची, दोघी बऱ्या हायेत.

मी वळले. आई आतल्या दारात उभी होती, बाळ कडेवर.

"त्याला बोलू नगंस," ती म्हणाली. "मी बोलले."

बाळ आईच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी खेळत होतं.

"त्ये भाऊ लय चांगले बोलले," आई सांगायला लागली. "म्हनले, मावशी, पोरगी आता येत नसंल तर तारीख टाकतो, म्हंजी तिला पैशासाठी हेलपाटा नको. मी म्हनलं, आता कुटं येतीया ती. टाका. तू आत झोपली व्हतीस. पोरगी रातभर रडलेली, तुजा नुकताच डोळा लागलेला. मला वाटलं, माज्या लेकीमागचा एक ताप गेला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सव्वा म्हयना झाल्यावर सांगणार व्हते. ऱ्हाऊनच गेलं. मग रजा सरली तशी तू बॅग भरून कामावर जायला निघालीस. मला वाटलं, परत घेतलंय तर मिटलं."

"आणि हे इतके दिवस? मी रोज बोंबलत होते ते ऐकू येत नव्हतं तुला?" माझा आवाज फाटला. मग जे तोंडातून निघालं ते निघालं. "तू स्वतः इतकी वर्षं पेन्शन घेतेस आई. त्या पेन्शनीवर मला वाढवलंस. आणि माझी बंद करायला सांगितलीस?"

आईने बाळाला माझ्या नवऱ्याकडे दिलं. पदराने हात पुसले, ते ओले नव्हते तरी.

"मला पेन्शन मिळाया तुजा बाप जावा लागला," ती म्हणाली. "बाईमाणसाला पेन्शन तशीच मिळती, नवऱ्यामागं. मी दुसरी कुटं बगितली? तू रोज सांजच्याला येऊन वरडायचीस, मला पेन्शन पायजे, मी पेन्शन घेतल्याबिगर ऱ्हाणार न्हाई. आन ह्ये जावई समोर बसल्यालं. माज्या काळजात धस्स व्हायचं. आसं काय मागतात का घरात?"

नवरा बाळाला घेऊन खाली बसला. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

"त्याच्यामागची नाही गं," मी म्हणाले. "माझी. माझ्या कामाची. तो जिवंत असतानाही मिळते."

"कामाची?" आईला ते पटेना. "म्या इतकी वर्सं खंडाळ्याच्या बंगल्यांत भांडी घासली. सोडलं तवा मालकीणबाईनं साडी दिली. कामाची कसली पेन्शन?"

बंगल्यातलं काम आई पेन्शन सुरू झाल्यावरही करत होती, माझ्या शिक्षणासाठी. मी ते विसरले नव्हते, पण नोकरी या शब्दाखाली त्याला कधी धरलंही नव्हतं. तरी माझा राग उतरला नाही. खरं सांगायचं तर तो आणखी वाढला, कारण आता तो काढायला कुणी उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी आईशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने वाढलेलं ताट घेतलं आणि तिच्याकडे न बघता जेवले. ती माझी आई नसती तर मी तिला पार झोडपून काढलं असतं, आणि ती माझी आई होती म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बसला निघाले तर आई दारात तयार. अंगावर बँकेत जायची ठेवणीतली साडी, केस चापून चोपून बसवलेले.

"मला तुज्या कंपनीत ने," ती म्हणाली. "म्या सांगितलं तर म्याच सांगन."

कंपनीच्या बसमध्ये बाहेरच्या माणसाला घेत नाहीत. नवऱ्याने मालकाला फोन करून गाडीचं भाडं उशिरा नेतो म्हणून सांगितलं आणि आम्हां तिघींना, बाळासकट, नवलाख उंबऱ्याला सोडलं. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने आईला आत सोडलं नाही, त्याच्या केबिनमध्ये स्टुलावर बसवलं. मी मॅडमना बोलवायला गेले. येणार नाहीत असंच वाटत होतं. मॅडम आल्या, मागोमाग भाऊही आले. आईला बघताच भाऊंनी मान खाली घातली.

आई उठून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, बसा मावशी, पण ती बसली नाही.

"ह्यांनी फोन केला तवा म्या घेतला," ती म्हणाली. "म्या म्हनलं टाका. हिला इचारलं न्हाई, हिला सांगितलं बी न्हाई. ही आत निजली व्हती. ह्यांची काय चूक न्हाई, त्यांनी बिचाऱ्यांनी इचारलं. चूक माजी. माजं काय लिवून घ्यायचं त्ये घ्या, पर हिची वर्सं हिला द्या."

मॅडमनी आईकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाकडे. "आईने दिलेला होकार हा राजीनामा होत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "भाऊ, एवढंच लिहा. फोनवर घरच्यांशी बोलणं झालं, कर्मचाऱ्याची संमती घेतली नव्हती. पुढचं मी बघते."

भाऊ केबिनमधल्या टेबलावरच लिहायला बसले. लिहिताना दोनदा थांबले. सही करून झाल्यावर आईला म्हणाले, "मावशी, मी तुमचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं."

"म्हाईत हाय मला," आई म्हणाली. "म्हणून तर आले."

अर्ज त्याच दिवशी गेला. शेवटच्या दिवशी मी लाइनवर मशीन चालवत होते आणि दर थोड्या वेळाने खिशातला मोबाईल चाचपत होते. लाइनवर मोबाईल काढायला बंदी होती. संडासात जाऊन बघायचे, काही नसायचं. माझं आत-बाहेर बघून सुपरवायझर म्हणाला, पोट बिघडलंय का? कंपनीची मंजुरी झाल्याचा संदेश आला तेव्हा मी बसमध्ये होते. मी तो तीनदा वाचला आणि मग शेजारच्या बाईला वाचायला दिला. खरी दुरुस्ती व्हायला पुढे बरेच आठवडे गेले. जुनी नोंद उघडली, दोन्ही जोडल्या गेल्या, तिसऱ्या रकान्यातली शून्यं एकेक करून गेली. भाऊंना नव्या कंपनीने ठेवलं, पण टाइम ऑफिसात नाही, स्टोअरमध्ये. दिसले की मी हात करते, तेही करतात. पूर्वीसारखं बोलणं काही होत नाही.

आईशी मात्र बोलणं त्या शेवटच्या दिवशी बसमधून उतरल्यावरच सुरू झालं. मी तिला संदेश वाचून दाखवला. ती बाळाला पायांवर आडवं घेऊन तेल लावत होती.

"कवा मिळंल?"

"अठ्ठावन्न झाल्यावर."

"आन जावई तवा आसतील?"

"असतील की. मलाच मागतील उसने."

ती हसली. मी पण हसले. माफ केलं का, असं तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, झालं, विषय संपला.

पण तो तिच्याकडून संपला नव्हता. आता माझा फोन वाजला आणि मी जवळ नसले तरी आई तो उचलत नाही. परवा मी अंघोळीला गेले होते. दारावर थापा. साबण तसाच अंगावर, घाबरून दार किलकिलं केलं तर आई उभी. फोन वाजत होता आणि तिने तो हात लांब करून धरला होता, दुसरा हात स्वतःच्या तोंडावर.

"तुजा हाय," ती म्हणाली. "तूच बोल. म्या काय बी बोलले न्हाई."

मी ओल्या हाताने फोन घेतला. कर्ज हवं का, असं विचारणारी कुठलीशी मुलगी होती. तिला नको म्हणायला मला जरा वेळच लागला, कारण आई अजून दाराशी उभी राहून मी काय उत्तर देते ते ऐकत होती.